वरची बोली

करांगजाती
मंगळवार, पोनचा बाजार
२२ ऑगस्ट १९७२

नोन सिंता हिला सिंबोक रुकिनेमचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, फोटोही पोचला. तब्येत कशी आहे ते विचारत नाही, फोटोत दिसतेच आहे. चाळिशीला टेकलीस आणि अंगावर मांस नाही. तुमच्या हॉलंडात जेवतात की नुसतं चीज हुंगतात? मी बरी आहे. गुडघे गेले, दात गेले, जीभ आहे. नातसून सुवार्नी परवा म्हणाली, "आजी, देवाने न्यायचा क्रम चुकवलान, जीभ आधी न्यायला हवी होती." मी म्हटलं, बाई, मग तुला स्वयंपाक कुणी शिकवला असता? तरी भात अजून करपवतेच.

आज पोन, दर पाच दिवसांनी येणारा बाजाराचा वार. घरात मी आणि बकरी. म्हणून निवांत लिहितेय. स्वतःच्या हाताने लिहितेय हो, नातवाला सांगून नाही. शाळेची पायरी मी चढले नाही, पण मी तुमच्या घरी कामाला होते तेव्हा, तू सहा वर्षांची असताना, सुपात तांदळाचं पीठ पसरून मला अक्षरं शिकवली होतीस, आठवतं? "सिंबोक, हा साप आहे ना, तो माझ्या नावातला." तुझं खरं नाव सीत्स्के. ते माझ्या जिभेवर कधी बसलंच नाही, म्हणून छायाबाहुल्यांच्या खेळातली सिंता केली मी तुझी. तुझ्या आईने नाक मुरडलं होतं, वडील हसले होते. चुका काढू नकोस, गुरू तूच आहेस.

गेथुकची कृती विचारलीस. कसावाचे कंद उकडायचे, गूळ-खोबरं घालून कुटायचे, केळीच्या पानावर थापायचे. त्यात कृती कसली! मी करत नाही आता. एकोणतीस वर्षं झाली, केला नाही. सुवार्नी करते, दगडासारखा होतो.

आता तू विचारलंस ते. आई जाताना तुला सांगून गेली म्हणतेस, की युद्धात वडील जपान्यांच्या छावणीत खोट्या नावाने, तंबाखू कंपनीचे कारकून म्हणून राहत होते, कारण जपानी लोक त्यांच्यासारख्या डच सरकारी अंमलदारांना शोधून शोधून नेत होते. वायरलेस कुठे पुरलाय, कुणाला काय सांगून ठेवलंय, ते काढून घ्यायला. आणि त्यांच्याच कचेरीतल्या सिन्यो लुई देल्फोसने त्यांचं खरं नाव फोडलं. लुई आता तिकडे म्हाताऱ्यांच्या आश्रमात आहे, दर नाताळात तुला पत्र लिहितो आणि तू न उघडता परत पाठवतेस. मला विचारतेस, "सिंबोक, तू जवळच राहत होतीस, तुला काय ठाऊक आहे?"

मला काय ठाऊक असणार? मी कुंपणाच्या बाहेर, ते आत. बायका रस्त्यावर काहीबाही विकायच्या, त्यातली मी एक. तू आणि आई तर तेव्हा दुसऱ्याच छावणीत. कोण काय बोललं, कुणाच्या कानात बोललं, मला नाही सांगता येत.

लुईचं मात्र घाईने काही ठरवू नकोस. रेंबांगच्या कचेरीत त्याने पाळलेलं मांजर मेलं तेव्हा हा बाबा दोन दिवस जेवला नव्हता. अर्थात, मांजराचं काय आणि माणसाचं काय. मला ठाऊक नाही म्हटलं ना.

पुढच्या उन्हाळ्यात येतेस हे वाचून नातवाने खाट करायला घेतली आहे. तुमची उंची लक्षात घेऊन सांगितलीय त्याला. सुवार्नी म्हणते, ही खाट की होडी?

तुझी,
सिंबोक


करांगजाती
बुधवार, पोन
११ ऑक्टोबर १९७२

नोन सिंता,

आशीर्वाद. पाऊस अजून नाही. बकरीला दोन पिल्लं झाली, एक जगलं.

तुझं दुसरं पत्र वाचलं आणि दोन रात्री डोळा लागला नाही. म्हातारीला झोप तशीही कमीच, त्याचं कौतुक नको. पण तू लिहिलंस, "सिंबोक, तुलाही काही ठाऊक नाही, म्हणजे आई म्हणाली तेच खरं." अगं, माझ्या 'ठाऊक नाही'चा असा अर्थ तू कुठून काढलास? आणि पुढे लिहिलंस की लुईला झटका आलाय, एक बाजू गेलीय, नर्सने पत्र पाठवलं की तो तुझं नाव घेतो, आणि तू जाणार नाहीस. ज्याने वडिलांना विकलं त्याचं तोंड बघणार नाहीस.

त्याने विकलं नाही. माझ्याकडून झालं ते.

नीट सांगते. तुला आमच्या बोलीतली ही भानगड कुणी शिकवली नाही, कारण लेकरांना सगळं माफ असतं. तू मला खुशाल "ए सिंबोक, दे" म्हणायचीस. जावाच्या भाषेत दोन बोली. वरची आणि खालची. वडीलधाऱ्याशी, मोठ्याशी, साहेबाशी वरची बोलायची. त्यात 'जेवण' वेगळं, 'घर' वेगळं, 'डोकं'सुद्धा वेगळं. आपल्यापेक्षा लहानाशी खालची. तुझे वडील माझ्याशी खालची बोलायचे, "रुकिनेम, कॉफी आण." मी वरची बोलायची, "कांजेंग, आपली कॉफी ठेवलीय." अकरा वर्षं. कांजेंग हा शब्द अंमलदाराला लावतात, राजाला लावतात. कारकुनाला कोणी लावत नाही.

त्रेचाळीस साल. छावणीतल्या गोऱ्यांना रस्त्यावर खडी फोडायला आणायचे, आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी थोडा वेळ सोडायचे, तेव्हा आम्ही बायका टोपल्या घेऊन जायचो. वडील रांगेत उभे होते. बरगड्या मोजाव्यात असे. दाढी वाढलेली, डोळे तेवढे ओळखीचे. टोपलीसमोर आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कांजेंग."

मागे जपान्यांचा हाताखालचा एक जावाचाच शिपाई उभा होता. सोलोकडचा, राजवाड्याच्या सावलीत वाढलेला. त्याला शब्दांची किंमत ठाऊक. तो आधी हसला. "ए म्हातारे, तंबाखूच्या कारकुनाला कांजेंग म्हणतेस? डोळे आलेत का तुझे?" आणि मग हसायचा थांबला.

त्या संध्याकाळी त्यांना नेलं. पुढचं तुला माहीत आहे, कागद तुझ्याकडे आहेत.

वडील काही बोलले नाहीत. असं झालं ते. जिभेची सवय. अकरा वर्षं एकच शब्द म्हणणाऱ्या जिभेला कोण आवरणार? लुईचा त्यात काही संबंध नाही. त्याच्याकडे जा. झटका आलेली माणसं थांबत नाहीत, माझा नवरा चार दिवस थांबला होता.

खाट झाली. आता तू येशील की नाही ते तुझं तू ठरव.

तुझी,
सिंबोक रुकिनेम


करांगजाती
शुक्रवार, वागे
१ डिसेंबर १९७२

नोन सिंता,

आज बाजार नाही. सगळे घरात आहेत. सुवार्नी दोनदा येऊन विचारून गेली, "आजी, कुणाला लिहितेस? सरकारला?" मी म्हटलं, हो, तुझ्या भाताची तक्रार करतेय. तरी आज लिहितेय, कारण आज वागे आहे. पाच वारांतला हा माझ्या मुलाचा वार. वागेला जन्मला म्हणून वागिमान.

तुला तो आठवतो का? नसेल. तू सात वर्षांची होतीस. मागच्या अंगणात यायचा, उंच, चष्म्याची एक काच तडकलेली. तुला बांबूची शिट्टी करून दिली होती.

आधी तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस, "माझी साधीभोळी सिंबोक, सवयीचा काय दोष, मी तुला केव्हाच माफ केलं." सिंता, मला उभ्या जन्मात कोणी भोळी म्हटलं नाही. सासू मला सुरी म्हणायची. आणि पुढे लिहिलंस, "पण त्या शिपायाचा संशय आधीच कुणीतरी जागा केला असणार, नुसत्या एका शब्दावर कोण पकडतं? म्हणजे लुई सुटत नाही." तुझ्या वडिलांसारखीच आहेस. एक कागद हातात घेतला की त्याच्यावरच शिक्का मारणार.

म्हणजे मी अर्धं सांगून भागलं नाही. घे पूर्ण.

वागिमान गावातल्या बिनपरवान्याच्या शाळेत शिकवायचा. त्याच्या डोक्यात एक खूळ होतं, की वरची बोली बोलायचीच नाही. कुणाशीच. "आई, एका तोंडाने दोन माणसं का करायची? सगळ्यांना एकच बोली." मी म्हणायची, मेल्या, मालकासमोर बोलून दाखव. त्याने दाखवलं. चाळीस साली तुझे वडील शाळा तपासायला गेले. मुलगा ताठ उभा राहिला आणि खालच्या बोलीत म्हणाला, "तू बस, मी मुलांना बोलावतो."

उद्धटपणा. तीन महिने रस्त्याचं काम.

मी रात्रीची भांडी आवरून वडिलांच्या पायाशी बसले. म्हटलं, कांजेंग, आपण पोराला क्षमा करावी, त्याच्या छातीत दम नाही. ते वाईट माणूस नव्हते, सिंता. मला मलेरिया झाला तेव्हा स्वतः क्विनीन मोजून द्यायचे. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "रुकिनेम, तीन महिन्यांत भाषा शिकून येईल घरी. तुझ्याच भल्याचं आहे." त्यांना खरंच तसं वाटत होतं.

सातव्या आठवड्यात वागिमान रेंबांगच्या रस्त्यावर तापाने गेला. खडीच्या ढिगाशेजारी.

मी दोन दिवसांची रजा घेतली, माती देऊन आले आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या नाश्त्याची अंडी उकडली. तुझ्या आईने विचारलं, डोळे का सुजलेत? मी म्हटलं, ओली लाकडं. वडिलांनी महिन्याभराने विचारलं, मुलगा सुटला का? मी म्हटलं, सुटला कांजेंग, सुमात्राला मळ्यावर गेला. का खोटं बोलले? घरी लग्नाची मुलगी होती, नवरा अंथरुणाला, नोकरी हवी होती. ज्या बाईचा पोरगा आपल्या हुकमाने मेला तिच्या हातचं कोण खाईल? मला घालवलं असतं. आणि तुला सोडून जायची माझी तयारी नव्हती, तेही खरं. म्हणून त्यांना कळलंच नाही. तुरुंगाच्या कारकुनाने वहीत लिहिलं असेल, वही मिटली असेल.

आता त्रेचाळीस सालावर येते. लुई आणि वडील डोंगरात एकत्र पकडले गेले होते. वडिलांना तंबाखूचा कारकून कुणी केलं? लुईने. पकडणाऱ्यांना खोटी नावं त्यानेच सांगितली. छावणीच्या कचेरीत टाइपरायटरवर बसवलं, तेव्हा तीच नावं त्याने यादीत घातली. खोटं उघडं पडलं असतं तर आधी त्याचं डोकं गेलं असतं. पहिल्याच दिवशी रस्त्यावर मला बघून तो माझ्या टोपलीशी वाकला आणि पुटपुटला, "सिंबोक, साहेबांना ओळखू नकोस. अरे-तुरे कर. विसरलीस तर तो मेला."

ऐकलंस? मला सांगितलं होतं. आणि मी विसरले नाही.

तीन आठवडे, सिंता, तीन आठवडे मी तुझ्या वडिलांना अरे-तुरे केलं. तशीही गोऱ्यांना मान द्यायला बंदीच होती. "ए, रांगेत उभा राहा." "हात धुतलेस का?" "एकच तुकडा मिळेल तुला." पहिल्या दिवशी जीभ अडखळली, दुसऱ्या दिवसापासून नाही. मजा येत होती मला. आणि पानाखाली मी रोज एक तुकडा जास्त ठेवत होते, तेही खरं. तेव्हा सवय-बिवय सगळं झूट. माझ्या जिभेला कधी सवय लागली नाही, मी तिला लावते.

मग तो दिवस. वागिमानला जाऊन हजार दिवस झाले होते. आमच्यात हजाराव्या दिवशी जेवण घालतात, तेव्हा कुठे जीव मोकळा होतो. घरात मूठभर तांदूळ नव्हता, सगळा जपान्यांनी नेलेला. मी हजाराव्या दिवसाचा म्हणून तो गेथुक कुटला. मनात म्हटलं, जो खाईल तो माझ्या पोराचं जेवण जेवेल. टोपली घेऊन रस्त्यावर गेले.

वडील आले. मी म्हटलं, "घे रे." ते हसले. भुकेल्या माणसाचं हसू, नुसते दात. आणि बाजारी बोलीत, अगदी मायेने म्हणाले, "चांगलं शिकलीस की रुकिनेम! तुझा तो तोंडाळ पोरगा ऐकेल तर खूश होईल. कुठे असतो हल्ली?"

त्यांच्या हातात गेथुक होता.

मी टोपली बाजूला केली. उकिडवी बसले, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, जसे तुमच्या दिवाणखान्यात लावायची. आणि शिपायाला ऐकू जाईल अशा आवाजात, वरच्यातल्या वरच्या बोलीत म्हटलं, "कांजेंग, आपल्या हुकमाने माझा वागिमान रेंबांगच्या रस्त्यावर निवर्तला. आज हजारावा दिवस. आपण त्याचंच अन्न ग्रहण करीत आहात."

शिपाई हसला, ते मागे लिहिलंय. ते खरं आहे. वडील काही बोलले नाहीत असं लिहिलं, ते खोटं आहे.

ते सुटू शकत होते. त्यांनी फक्त ओरडायचं होतं, "काय बडबडतेस थेरडे, चल नीघ." कारकुनासारखं. मी वेडी ठरले असते, शिपायाने मला एक लाथ घातली असती, संपलं असतं. मी वाट बघत होते त्याची. देवाशपथ, वाक्य संपलं त्या क्षणापासून मी मनात म्हणत होते, शिवी दे, मला शिवी दे.

ते खडीवर गुडघे टेकून माझ्यासमोर बसले. आणि वरच्या बोलीत, लेडनच्या विद्यापीठात शिकलेल्या त्या स्वच्छ, एक शब्द न चुकणाऱ्या बोलीत म्हणाले, "आई, मला ठाऊक नव्हतं. आपण मला क्षमा करावी."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला 'आपण' म्हटलं. तंबाखूच्या कुठल्याच गोऱ्या कारकुनाला ती बोली येत नाही. शिपायाने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याने विचारलंसुद्धा नाही. काय विचारायचं राहिलं होतं?

मी उत्तर दिलं नाही. क्षमा केली असं म्हणायला तोंड होतं माझ्याकडे, जीभ होती. ते उठेपर्यंत मी गप्प बसले. ज्याला मी तीन वर्षं सांगितलं नाही, त्याला न कळल्याबद्दल मी मारलं. एवढं मला त्याच रस्त्यावर, टोपली उचलायच्या आत कळलं होतं. कोणी शिकवावं लागलं नाही.

लुईला दहा दिवस कोंडून मारलं, यादी कुणी खोटी केली म्हणून. त्याने सांगितलं की त्यालाही साहेबाचं खरं नाव ठाऊक नव्हतं. माझं नाव त्याने घेतलं नाही. सुटल्यावर एकदा कुंपणाशी आला. दोन बोटं वाकडी झालेली. मी म्हटलं, सिन्यो, तू मला सांगितलं होतंस. तो म्हणाला, "सिंबोक, मी कुणाला काही बोलणार नाही. तुला नातवंडं आहेत." युद्ध संपल्यावर लोक म्हणाले, यादी टाइप करणाऱ्यानेच विकलं, तेव्हाही तो गप्प राहिला. तुझ्या आईच्या तोंडावरसुद्धा. ती दरवर्षीची पत्रं तू उघडली असतीस तरी त्यात माझं नाव सापडलं नसतं, हे मी लिहून देते. बहुधा एवढंच असेल, की सिंता, मला एकदा भेट.

हे पत्र पोचायला तीन आठवडे लागतील. पोचल्या दिवशी ऊठ आणि त्याच्याकडे जा. त्याची कुठली बाजू गेलीय ते बघून दुसऱ्या बाजूला बस. त्याला मान देऊन बोल. तुमच्या भाषेतही काहीतरी वरचं असेलच. आणि हे पत्र त्याला वाचून दाखव, म्हणजे त्याला कळेल की आता गप्प राहायची गरज नाही.

तुझी माफी मी परत पाठवतेय. ती तू भोळ्या सिंबोकला दिली होतीस, ती बाई या गावात राहत नाही. खाटेवर सुवार्नीने मका वाळत घातलाय. आलीस तर काढू.

हे मी मलायूत, बाजारच्या बोलीत लिहितेय, त्यात वरचं-खालचं काही नाही. त्यामुळे मी तुझ्याशी कुठल्या बोलीत बोलतेय ते मलाच कळत नाही. तू लिहिलंस तर काय हवं ते लिही. खालचं लिही, शिव्या लिही, त्या मला येतात. फक्त मला कधी 'आपण' म्हणू नकोस.

वागिमानची आई,
रुकिनेम